होडी ठेवायची जागा

देवगडपासून विजयदुर्गापर्यंत कुठल्याही खाडीकाठी चौकशी करा, जुनी लाकडी होडी जवळजवळ फुकट मिळते. मालकाने फायबरची घेतलेली असते. जुनी माडांखाली पडून असते आणि कोणी घेऊन गेलं तर ती फोडायची मजुरी वाचली, इतकाच त्याचा हिशेब. शहरातून आलेला हौशी माणूस तेवढ्यावर खूश होतो, फोटो काढतो, घरी कळवतो. मग सुतार गाठतो. सुतार होडीकडे बघतही नाही.

"होडी ठेवतल्यात खंय, ता आधी सांगा."

साग महाग आहे, पण मिळतो. इपॉक्सी कुरियरने दारात येतं. तांब्याचे खिळे मुंबईहून मागवता येतात, रंधा मारायला व्हिडिओ बघून शिकता येतं, वाईट का होईना. पाण्याला लागून, उधाणाच्या वर, सावलीत, चार-सहा महिने कोणी हटकणार नाही आणि खिशाला झेपेल अशी पंचवीस फूट लांब जागा मात्र बाजारात नाही. पूर्वीही बाजारात नव्हती. तेव्हा ती नुसती असायची.

खालची यादी त्या जागेची, आणि तिच्याबरोबर गेलेल्या किंवा निघालेल्या गोष्टींची. क्रम लावलेला नाही.

पुळण

माडांची शेवटची रांग आणि भरतीची ओली रेघ यांच्यामधला वाळूचा पट्टा. जमीन सरकारची, वहिवाट गावाची, आणि ज्याचं घर समोर त्याची होडी तिथे, एवढा साधा नियम. कागद कोणाकडे नव्हता, कारण कोणी मागितला नव्हता.

आता मागतात. मागची वाडी विकली गेली की नवा मालक गडगा काढून चिऱ्याची भिंत घालतो, आणि विकणाऱ्याबरोबर त्याची समोरची वहिवाटही गावातून उठते. खरेदीखतात पुळणीचा उल्लेख नसतो. तरी ती गेलेली असते.

सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यावर गळा काढायची माझी तयारी नाही. तारकर्ली-देवबागला पाहुण्यांच्या खोल्यांवर चालणाऱ्या घरांत मच्छीमारांची घरं पुष्कळ आहेत, आणि नुसत्या मासळीवर ती आज कशी चालली असती हे मला विचारू नका. अडचण आहे ती कॅलेंडरची. लाकडी होडीचं काम कोरड्या दिवसांतच होतं: नोव्हेंबर ते मे. पूर्वी नेमक्या याच महिन्यांत पुळण मोकळी असे, कारण चालत्या होड्या पाण्यात असत. एखादी मोडकी होडी मधोमध ठेवून तुम्ही खरवडत बसलात तरी कोणाच्या वाटेत येत नसे. आता नोव्हेंबर ते मे हाच पाहुण्यांचा हंगाम. आणि पाहुणे नसतात त्या पावसाळ्यात सगळ्या गावाच्या होड्या वर आलेल्या असतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, पुढे नारळी पौर्णिमेचा नारळ पडेपर्यंत बरेचजण थांबतात. त्या दिवसांत हौशी माणसाने जागा मागणं म्हणजे गणपतीच्या आठवड्यात कोकण रेल्वेत खिडकी मागणं.

रंगवलेली होडी पाहुण्यांना आवडते. रंग खरवडला जात असलेली आवडत नाही.

उधाण आणि भांग

या दोन गोष्टी अर्थातच कुठे गेलेल्या नाहीत. त्यांच्यावर हिशेब बसवणारी माणसं कमी झाली.

अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी भरती सर्वांत वर येते. त्या उधाणाला होडी तरंगत तरंगत पुळणीच्या माथ्यापर्यंत आणायची आणि धरून ठेवायची. पाणी उतरलं की होडी बसली. पुढे अष्टमीकडे भांग येतो, भरती तिच्यापर्यंत पोचतच नाही, आणि तुम्हाला आठ-दहा दिवस कोरडे मिळतात. तेवढ्यात बूड साफ करा, फटी बघा, तेल द्या. पुढच्या उधाणाला समुद्र स्वतः येऊन ती उचलून नेतो. काम लांबणार असेल तर त्याच उधाणाला आणखी हातभर वर ओढायची. क्रेन नाही, डिझेल नाही, पावती नाही.

नुसतं तळ खरवडायचं असेल तर तेवढंही नको. भरतीला उथळ पाण्यात आणून नांगरायची, पाणी गेलं की ती एका कुशीवर कलते. मिळालेल्या पाच-सहा तासांत ती बाजू उरकायची, दुसऱ्या ओहोटीला दुसरी. मुंबईकडे हे फार सोपं, कारण तिथे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. दक्षिणेला येत येत ते निम्म्यावर येतं, म्हणून इकडे शेवटची ओढ माणसांनीच द्यावी लागते.

या पद्धतीला एकच गोष्ट लागते: मोकळा, चढता, मऊ काठ.

बंधारा

ही गेलेली वस्तू नाही, आलेली आहे. पण यादीत तिची जागा पुळणीच्या शेजारीच.

समुद्र आत येतो, माड पडतात, लोक आमदाराकडे जातात, आणि धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर होतो. काळ्या दगडांची रास, कुठे टेट्रापॉड. रत्नागिरीच्या मिऱ्याला बंधारा पुनःपुन्हा खचतो आणि पुनःपुन्हा बांधला जातो. ज्याचं घर पहिल्या लाटेत जाणार त्याने बंधारा मागितला तर त्याला नावं ठेवायचा हक्क मला नाही. एवढंच सांगतो की दगडांच्या राशीवरून होडी वर येत नाही. बंधारा झाला की पलीकडची पुळण लाटा खाऊन टाकतात आणि अलीकडची मागच्या परसाचा भाग होते. दोन्हींच्या मधे होडीचा काठ संपतो. आराखड्यात मच्छीमारांसाठी दोन-चार ठिकाणी उतार सोडलेले असले तरी ते चालत्या होड्यांनाच पुरत नाहीत.

तरीचा उतार

प्रत्येक खाडी ओलांडायला तर होती आणि तरीच्या दोन्ही टोकांना चिऱ्यांचा घसरता उतार होता. माणसं, सायकली, बकऱ्या, लग्नाचं वऱ्हाड, सगळं त्यावरून होडीत चढे. तरवाल्याची स्वतःची होडी दुरुस्तीला तिथेच बाजूला लागे, आणि त्याच्या ओळखीने तुमचीही लागे.

पूल झाला की तर बंद. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडले इथे मोटारी नेणाऱ्या फेरीबोटी आल्या; त्यांचे उतार काँक्रीटचे, रुंद आणि सतत कामात, तिथे कोणी होडी टेकवू देणार नाही, ते बरोबरच आहे. जुने उतार शेवाळलेले पडून आहेत. पूल व्हावेतच. बाळंतीण बाई रात्रीची तरीवर खोळंबायची, ते दिवस कोणाला परत नकोत. पण पडून राहिलेला उतार ग्रामपंचायतीच्या कुठल्या वहीत आहे हे विचारायला गेलं की कळतं, तो कुठल्याच वहीत नाही.

ओढणारे हात

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. ते ओढायला तीस-चाळीस माणसं लागत, कधी जास्त. बायका, पोरं, सुट्टीवर आलेला मास्तर, ज्याने दोरीला हात लावला त्याला मासळीत वाटा. रापण किनाऱ्याला लागली की तेच हात रिकामे. कोणाची होडी वर घ्यायची असेल तर हीच वेळ. आडवे ओंडके टाकायचे, त्यांना वंगण फासायचं, दोन्ही कुशींना माणसं, एकजण ओरडणारा, आणि होडी ओरडण्याच्या तालावर वीतवीत वर. ओढणावळ म्हणजे चहा-भजी, किंवा नारळ आणि गूळ. मोठी होडी असली तर आणखी काही, अंधार पडल्यावर.

रापणीपर्यंत पोचण्याआधीच मासळी उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने 2016 मध्ये निर्बंध आणले. तोवर रापणीचे थवे पुष्कळ पातळ झाले होते आणि नंतरही फारसे भरले नाहीत. आता होडी वर घ्यायला ट्रॅक्टर किंवा जेसीबी येतो, तासावर. एका होडीचं वर येणं आणि खाली जाणं धरलं तर यंत्राचं भाडं होडीच्या किमतीच्या पुढे जातं, कारण होडी फुकटातच आलेली असते. जेसीबीवाल्याला होडीचा कणा कुठे धरायचा हे ठाऊक नसतं, हा वेगळा खर्च.

झाप

माडाच्या झावळ्या विणून केलेले. लाकडी होडीचा खरा शत्रू पाण्याबाहेर असतो: ऊन. होडी पाण्यातून काढली की फळ्या आकसतात, फटी उघडतात. एप्रिलच्या उन्हात आठवडाभर उघडी ठेवली तर दोन फळ्यांमधून पलीकडचा माणूस दिसतो. म्हणून तिला शाकारायची. झापाखाली सावली असते आणि वाराही असतो, शिवाय लाकडातला ओलावा हळूहळू जातो. निळी प्लास्टिकची ताडपत्री पाऊस अडवते, पण खाली वाफ धरते आणि लाकूड कुजतं. तरी लोक ताडपत्रीच घालतात, कारण झाप विणणारी म्हातारी माणसं उरली नाहीत आणि विणायला बसायचं तर मजुरी झापापेक्षा महाग.

इथेच गावातल्या मित्राच्या आंब्याच्या बागेचा प्रस्ताव निकाली निघतो. बाग चार किलोमीटर आत, जागा ऐसपैस, भाडं नाही. पण होडी नेण्या-आणण्याला ट्रक आणि क्रेन, आणि आत खाऱ्या दमट हवेऐवजी तापलेली जांभ्याची जमीन. तिथे महिनाभर ठेवलेली होडी पाण्यात टाकली की चाळणी होते. मग ती मुद्दाम उथळ पाण्यात बुडवून ठेवायची, लाकूड पाणी पिऊन फुगेपर्यंत. त्यालाही काठ लागतो.

तेलं, राळ, चुना

उंडीच्या बियांचं कडू तेल: जुन्या घरांत दिव्याला, काठावर होडीला. उंडीची झाडं किनाऱ्यावर अजून आहेत, बिया खाली पडून कुजतात, घाणा नाही.

मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं तेल. याच्या वासाने होडीवाला घरात येण्याआधी कळे.

काजूच्या टरफलाचं तेल: काळं, दाट, हाताला लागलं तर कातडी सोलवटते. लाकडाला मात्र कीड लागू देत नाही. हे काजूच्या कारखान्यात अजून मिळतं. विकणारा आधी विचारतो की कशाला हवंय.

राळ तेलात उकळून फटींत भरायची, आत कापूस ठासायचा. ठासायची बोथट पटाशी आणि लाकडी हातोडी ही दोन्ही हत्यारं सुतार उधार देत नसत.

शिंपल्या भाजून केलेला चुना, चरबीत किंवा तेलात मळून तळाला लावायचा. पांढरा तळ दिसायला देखणा, पण लावायचा तो देखणेपणासाठी नव्हे. समुद्रात लाकूड पोखरणारा एक प्राणी आहे. त्याला सगळे किडा म्हणतात. प्रत्यक्षात तो शिंपल्यांच्या कुळातला. लहानपणी सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतल्या आत वाढत, फळीच्या लांबीने बोगदे पाडत जातो. बाहेरून फळी धडधाकट, टिचकी मारली की पोकळ. त्याच्यावर उपाय तीनच: होडी ठरावीक दिवसांनी पाण्याबाहेर काढून वाळवणं, तळाला सुक्या झावळ्यांचा जाळ दाखवणं, आणि चुना. पहिल्या दोन्हींना पुन्हा काठ हवा. जाळाला तर आता धुराची तक्रार येते.

वाकडं लाकूड

होडीच्या फासळ्या वाकड्या असतात आणि सरळ फळीतून कापलेली वाकडी फासळी रेषा तुटल्यामुळे कमकुवत होते. म्हणून झाडाच्या फांदीतच तो बाक शोधायचा. ऐन, बाभूळ, उंडी. जुना सुतार रानातून चालताना झाडांकडे बघत चाले आणि मनात होडीच्या कुठल्या जागी कुठली फांदी बसेल ते लावत चाले. अशी लाकडं आणून काठावर, होडीच्या बाजूला, दोन-दोन पावसाळे पडू द्यायची. कोणाच्या तरी उपयोगाची म्हणून ती पडलेली असत. आज त्यांना 'अडगळ' म्हणून नोटीस लागेल. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात जुनी झाडं हजारोंनी पडली, तेव्हा त्यातले कितीतरी बाक वखारीत सरळ चिरले गेले. वखारवाल्याचा दोष नाही. वाकडं लाकूड मागायला कोणी गेलंच नव्हतं.

शिवण

मालवण आणि गोव्याकडच्या रापणीच्या होड्या खिळ्यांशिवाय, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. खडकाळ किनाऱ्यावर आपटली तर खिळ्याची होडी फुटते, शिवलेली लवते. शिवण कुजते, म्हणून दर थोड्या वर्षांनी ती उसवायची, फळ्या सुट्या करून पुळणीवर ओळीने मांडायच्या आणि पुन्हा शिवायची. म्हणजे नुसती होडीपुरती जागा पुरत नाही, उलगडलेल्या होडीएवढी लागते. ही जागा गेली तेव्हाच शिवणही गेली, असं माझं मत आहे. काथ्या महागला, कारागीर मेले, या सगळ्या नंतरच्या गोष्टी.

भारतीय नौदलाने गोव्यात शिवलेलं शिडाचं जहाज बांधून घेतलं, केरळच्या कारागिरांकडून, बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली. 'कौंडिण्य' या नावाने 2025 मध्ये ते दाखल झालं. अशी शिवण अजून हातात आहे हे त्याने सिद्ध झालं. मालवणात एखाद्याला आपल्या आजोबांची होडी शिवायची असेल तर त्याच्यासाठी यातून काही निघत नाही.

रकाना

किनारपट्टी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991 ची. नंतर 2011 आणि 2019 मध्ये नव्या आल्या. भरतीरेषेपासून आतल्या पट्ट्यात काय चालेल, काय नाही, हे त्यात ठरतं. गंमत म्हणजे या कायद्याला होडी कळते. स्थानिक मच्छीमारांसाठी मासळी वाळवायची खळी, जाळी विणायच्या जागा, पारंपरिक होड्या बांधायची आवारं यांची 2011 च्या अधिसूचनेत नावानिशी सोय आहे. कागदावर.

तुमच्याकडे मासेमारीचा परवाना नसेल, होडीने कोणाचं पोट भरत नसेल, आणि तुम्ही हॉटेलही काढणार नसाल, तर मात्र तुम्ही कुठल्याच रकान्यात बसत नाही. ही जुनी होडी नीट करून मला खाडीतून फिरायचंय, हा हेतू भरायला अर्जात ओळ नसते. मी ज्या कार्यालयात गेलो तिथल्या बाईंनी फार सज्जनपणे सुचवलं, "तुम्ही जलक्रीडा लिहा ना, लगेच पुढे जाईल." जलक्रीडा लिहिली की विमा, जीवरक्षक आणि ठेव आली. होडीला अजून तळ नव्हता.

कांदळ

खाडीच्या आत गाळाचा काठ असतो, लाटा नसतात, आणि होडी बसवायला तो पुळणीपेक्षाही चांगला. तिथे कांदळ उगवलं. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये राज्यभरातल्या कांदळवनांना संरक्षण दिलं, भोवतीच्या 50 मीटर पट्ट्यासकट. हा निकाल मला पूर्ण मान्य आहे. कांदळ नसेल तर खाडीत मासा नाही, आणि मासा नसेल तर होडी दुरुस्त करून काय त्यात अबोली लावायची? पण हिशेब म्हणून नोंदवतो: बाहेरच्या बाजूला बंधारा, आतल्या बाजूला कांदळ, मधे रस्ता. उरलेल्या तुकड्यावर जेटी.

खाजगी यार्ड

आहेत. फायबरच्या होड्या बांधणारे, काही चांगले. लाकडी होडी ते ठेवून घेतात, पण हत्यार तुम्ही लावायचं नाही. कामगार त्यांचे, साहित्य त्यांचं, दर त्यांचा. कारणं खोटी नाहीत. तुम्ही शिडीवरून पडलात तर जबाबदारी त्यांची. तळाच्या रंगात तांबं असतं, त्याची पूड खाडीत गेली तर पलीकडच्या कालवांत उतरते. समुद्रजीवांना मारणारा कथिलयुक्त रंग तर 2008 पासून आंतरराष्ट्रीय कराराने बंदच आहे. इंग्लंड-अमेरिकेतही हेच झालंय: विमा, पर्यावरणाचे नियम आणि पाण्याकाठच्या जमिनीचे भाव, या तिघांनी मिळून आपली होडी आपण दुरुस्त करण्याची आवारं एकेक करून बंद केली. तिथे निदान ती आवारं होती, भाडेपावती होती, बंद झाल्याची तारीख आहे. आपल्याकडे जे कधी सुरू केलंच नव्हतं ते बंद झाल्याचं कोण कळवणार?

यार्डवाले आणखी एक सुचवतात: लाकडावरून फायबरचा थर मारून टाकू. नको. जुन्या लाकडात ओल असते, थराखाली ती कोंडते, आणि वरून चकचकीत होडी आतून कुजते.

हार्टलपूल

ही नोंद इथली नाही, पण लाकूड इथलं आहे. वाडिया घराण्यातले जमशेटजी बमनजी यांनी मुंबईच्या गोदीत ब्रिटिश आरमारासाठी 'त्रिंकोमाली' नावाची फ्रिगेट मलबारी सागात बांधली. 12 ऑक्टोबर 1817 ला ती पाण्यात उतरली. इंग्लंडमध्ये तेव्हा ओक संपत आला होता. पुढे नाव बदलून ती तिथे पोरांना शिडाचं शिक्षण देणारं जहाज झाली, आणि 1980 च्या दशकात पार खिळखिळी.

ती दुरुस्त झाली हार्टलपूलला, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर. लंडन नाही, पोर्ट्समथ नाही. हार्टलपूलचा जहाजबांधणीचा धंदा 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला बसला होता. गोद्या ओस, हातात कसब असलेले लोक बेकार. 1979 मध्ये तिथे 'वॉरियर' ही 1860 ची लोखंडी युद्धनौका आणून टाकली, ती आठ वर्षांनी उभी राहून पोर्ट्समथला गेली. मग आली 'त्रिंकोमाली'. 1990 ते 2001, अकरा वर्षं काम. आज ती तिथेच तरंगते आहे. पैसे उभे करणाऱ्यांचं कौतुक व्हावं तेवढं थोडं. पण अकरा वर्षं एक जहाज ठेवून घेणारी गोदी पडलेल्या धंद्याच्या गावातच असते. त्या पाण्याला भाव आला असता तर पहिल्याच वर्षी फ्लॅटवाले आले असते.

आंग्र्यांची गोदी

विजयदुर्गापासून आत, वाघोटन खाडीच्या काठी, गिर्ये-रामेश्वरच्या बाजूला. खडक तासून आणि दगड रचून केलेली, साडेतीनशे फुटांच्या आसपास लांब. भरतीला गलबतं आत घ्यायची, ओहोटीला ती कोरडी बसायची. उधाण आणि भांगाचा वर सांगितलेला हिशेबच इथे दगडात बांधलेला आहे. आरमार बांधणाऱ्यांना दुरुस्तीची जागा आधी लागते, हे कळत होतं. आज गोदीत गाळ आहे.

दारूखाना

मुंबईतलं माझगावच्या बाजूचं जहाजं तोडायचं ठिकाण. साखळ्या, कप्प्या, पितळी खिडक्या, नांगर, सगळं वजनावर. दुरुस्ती करणाऱ्याला निम्म्या वस्तू इथे मिळत, आणि फुकटचा सल्ला बरोबर. बंदराच्या त्या सगळ्या पूर्व किनाऱ्याच्या विकासाचे आराखडे निघत असतात. त्यांच्या चित्रांत झाडं असतात, सायकलवाले असतात, पाण्यात पांढऱ्या नौका असतात. त्या नौका दुरुस्त कुठे होणार ते चित्रात नसतं.

राखण

काठावर दिवसभर बसलेला, जाळं सांधणारा म्हातारा. पगार नाही. त्याच्या समोरून तांब्याचा खिळा हलत नसे, आणि तुम्ही चुकीच्या दिशेने रंधा मारलात तर तो खोकत असे. त्याची जागा सीसीटीव्हीने घेतली आहे, तो खोकत नाही.

मिळाली ती जागा

शेवटी एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या जुन्या बर्फाच्या शेडमागे मिळाली, गावातल्या एका काकांच्या शब्दावर. करार तोंडी. भाडं म्हणून संस्थेच्या सार्वजनिक नळाची दुरुस्ती करून द्यायची. खरवडलेला रंग ताडपत्रीवर झेलून गोणीत भरायचा, खाडीत एक चिमूट जाता कामा नये. होडी मे अखेरीस उचलायची, झाली असो वा नसो. जूनला संस्थेच्या होड्या वर येतात. रात्री काम नाही. जाळ नाही. आणि शनिवार-रविवारी सँडर चालवायचा नाही, कारण शेजारच्या वाडीत पाहुणे असतात आणि ते खाडीची शांतता अनुभवायला आलेले असतात.